मनाच्या दुखण्याला दवाखाना कोणता?

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीचा २०२३ साली विशाखापट्टणमच्या वसतिगृहात मृत्यू झाला. तिच्या वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले आणि २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निकाल दिला. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवून न्यायालय थांबले नाही. मानसिक आरोग्य हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या अधिकाराचा अविभाज्य भाग आहे असे त्याने म्हटले आणि देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, हे त्यांपैकी एक सूत्र. एका दुःखी बापाच्या चिकाटीतून एवढे निष्पन्न झाले, याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि निकालाचे स्वागत करून मोकळे होणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. हा समुपदेशक येणार कोठून, त्याचा पगार कोण देणार, आणि जे मूल शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेत नसून उसाच्या फडात आईच्या पाठीमागे बसलेले आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचणार कसा, हे प्रश्न उरतातच.

न्यायालयासमोर आलेला प्रश्न विद्यार्थ्याचा होता आणि न्यायालयाने त्याचे उत्तर विद्यार्थ्यापुरते दिले. परंतु मूल हे एकटे नसते. त्याचे मन ज्या घरात घडते किंवा बिघडते, त्या घरातील मोठ्या माणसांची मने कोणत्या अवस्थेत आहेत याचा विचार केल्याशिवाय मुलाचा विचार करता येत नाही. आपल्याकडील सरकारी योजनांची रचना मात्र अशी आहे की मूल एका खात्याचे, आई दुसऱ्या खात्याची आणि दारू पिणारा बाप तिसऱ्या खात्याचा. तिघे एकाच छपराखाली राहतात ही गोष्ट कोणत्याही खात्याच्या नोंदवहीत नाही.

गोव्यातील एक संशोधन या संदर्भात प्रत्येक कार्यकर्त्याने माहीत करून घ्यावे असे आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बाळंतिणींचा अभ्यास करून त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्याचा विकार आढळला. त्याची कारणे शरीरातील रसायनांपुरती मर्यादित नव्हती. घरातील दारिद्र्य, नवऱ्याकडून होणारा जाच आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे यांचा त्या नैराश्याशी संबंध दिसून आला. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात, नैराश्याने ग्रासलेल्या मातांच्या बाळांची वाढ सहा महिन्यांच्या वयाला खुंटलेली दिसली. म्हणजे अंगणवाडीच्या काट्यावर ज्या बाळाचे वजन कमी भरते, त्याच्या आईच्या मनावर काय ओझे आहे हे विचारणे हा कुपोषणाच्या प्रश्नाचाच भाग आहे. आपल्या अंगणवाडीताई बाळाचे वजन तक्त्यावर भरतात, पोषण आहाराची पाकिटे देतात. आईला झोप लागते का, रडू येते का, जगण्याचा कंटाळा आला आहे का, हे विचारण्यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. रकाना नाही म्हणून प्रश्नही नाही, असा आपल्या प्रशासनाचा रिवाज आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९१२ चा वेड्यांचा कायदा हा समाजाला वेड्यांपासून वाचवण्यासाठी होता. १९८७ च्या कायद्याने भाषा सौम्य केली, पण दृष्टी पुष्कळशी तीच राहिली. २०१७ साली संमत झालेला आणि २९ मे २०१८ पासून अमलात आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा मात्र वेगळ्या पायावर उभा आहे. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळवण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला. रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा आणि बालकांसाठी मानसिक आरोग्यसेवा यांचा त्या कलमात स्पष्ट उल्लेख आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्या हाती पिवळे कार्ड असो वा नसो, या सेवा सरकारी किंवा सरकारी अनुदानित संस्थांमध्ये पूर्णतः मोफत मिळाल्या पाहिजेत असेही त्यात आहे. जिल्ह्यात अशी किमान सेवाच नसेल तर अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, ही तरतूदसुद्धा त्याच कलमात आहे. एकविसावे कलम सांगते की तीन वर्षांखालील मूल असलेली स्त्री मनोरुग्णालयात दाखल झाली तर सर्वसाधारणपणे त्या मुलाला तिच्यापासून तोडू नये. अशा मायलेकरांना राहता येईल अशी खोली राज्यातील किती रुग्णालयांत आहे, हे आपल्या आमदारांनी विधिमंडळात विचारण्याजोगे आहे.

याच कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, असे ठरवले. पुढे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतून हा गुन्हाच वगळण्यात आला. मात्र लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्यास भाग पाडण्यासाठी केलेला असा प्रयत्न तेवढा शिक्षापात्र राहिला आहे. उपोषणाला बसणाऱ्या सत्याग्रह्यांनी या अपवादाचा अर्थ ध्यानात ठेवावा. दुःखी माणसाला सोडून दिले आणि हट्टी माणसाला पकडण्याची सोय ठेवली, असा हा प्रकार आहे.

कायदा असा उत्तम असताना प्रत्यक्ष स्थिती काय आहे? बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि १३ ते १७ वयाच्या मुलामुलींमध्ये हे प्रमाण ७.३ टक्के होते. निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता, ही गोष्ट पुरोगामीपणाचा डंका पिटणाऱ्या राज्याने विसरू नये. देशात लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांची संख्या एकही भरत नाही, ती पाऊणच्या आसपास आहे. त्यांतील बहुतेक शहरांत आहेत आणि शहरांतही खासगी व्यवसायात आहेत. पुण्याचे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. अवर्षण, स्थलांतर आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी ज्या विभागाला पोळले त्याच विभागाच्या वाट्याला ही रिती जागा आली.

समजा, केज तालुक्यातील एक ऊसतोड कुटुंब आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडण्यासाठी दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचे आणि उन्हाळा लागताना परत यायचे. नऊ वर्षांचा मुलगा आजीपाशी ठेवला आहे. तो रात्री दचकून उठतो, अंथरूण ओले करतो, शाळेत जायचे म्हटले की त्याच्या पोटात दुखते. गुरुजी म्हणतात त्याचे लक्ष नाही. शेजारीण म्हणते बाहेरचे काहीतरी लागले आहे. आजी त्याला देवऋष्याकडे नेते, अंगारा लावून आणते, दोनशे रुपये आणि एक कोंबडे जाते. मार्चमध्ये आई परत येते तेव्हा तीच कोणाशी बोलत नाही. चुलीसमोर बसून राहते, भाकरी करपते. बाप संध्याकाळी पिऊन येतो आणि मायलेकरांवर हात टाकतो. आता प्रश्न असा की या घरात रुग्ण कोण?

मुलाला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने शाळेत तपासले असेल. २०१३ पासून हा कार्यक्रम आहे आणि मुलांच्या वाढीतील विलंब ओळखणे हे त्याचे एक काम आहे. परंतु पथक शाळेत आले त्या दिवशी मूल शाळेत असावे लागते. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ आहेत, पण हा मुलगा नऊ वर्षांचा, तो किशोर नव्हे. आईसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून आणि कर्नाटकातील बेल्लारी जिल्ह्यातील प्रयोगातून तो उभा राहिला आणि १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने पसरला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे त्याचे पथक असावे अशी योजना आहे. बापासाठी व्यसनमुक्तीची केंद्रे आहेत, त्यांचा कारभार बव्हंशी समाजकल्याणाकडे. तिघांनी तीन दिवशी तीन ठिकाणी जावे अशी ही व्यवस्था, आणि तिघांच्याही दुखण्याचे मूळ त्या उचलीत आणि फडावरच्या सहा महिन्यांत.

या कुटुंबाला अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग सापडला असे धरू. सापडणे अशक्य नाही, कारण तो तेथे आहे. डॉक्टरांनी आईला गोळ्या लिहून दिल्या, सहा महिने तरी बंद करू नका असे बजावले, दर महिन्याला यायला सांगितले. प्रत्येक फेरीला तिचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, सोबत आलेल्याचाही बुडतो. २०२४-२५ साली रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. म्हणजे मोफत उपचाराची एक भेट घराला सहाशे रुपयांना पडते. मार्च २०२३ पासून एस.टी.चे तिकीट बाईला अर्धे झाले, एवढाच काय तो दिलासा. हेच उपचार शहरातील खासगी समुपदेशकाकडे घ्यायचे तर एका भेटीचे हजार-दीड हजार सहज होतात, म्हणजे तीन ते पाच दिवसांची मजुरी. सरकारी आरोग्यविमा योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. मनाचे दुखणे मात्र बहुधा खाटेवर न पडता, महिनोन्महिने बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहून बरे करायचे असते. त्या रांगेचा खर्च कोणत्याही विम्यात बसत नाही.

आणि ऑक्टोबर उजाडतो. कुटुंब पुन्हा फडावर निघते. कार्ड अंबाजोगाईचे, फड कोल्हापूर-सांगलीकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात. गोळ्या संपतात आणि सहा महिन्यांत कमावलेले पंधरा दिवसांत हातचे जाते. रेशनचे धान्य देशात कोठेही उचलता येईल अशी व्यवस्था सरकारने उभी केली. मग औषधाच्या गोळीने काय गुन्हा केला आहे? कारखान्याच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्राने परजिल्ह्यातील केसपेपरावर औषध द्यावे, गाळपाच्या हंगामात तेथे पंधरवड्यातून एकदा मानसिक आरोग्याचे पथक यावे आणि त्याच दिवशी मुलांचीही तपासणी व्हावी, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी मजुरीच्या दरवाढीच्या मागणीबरोबर पुढे रेटली पाहिजे. साखर कारखाने आणि सरकार यांच्याशी होणाऱ्या वाटाघाटींत टनामागच्या दराचा तपशील पैशापर्यंत ठरतो. त्याच कागदावर हे कलम लिहिता येते.

या ठिकाणी चळवळीच्या एका जुन्या सवयीचा विचार करणे भाग आहे. डाव्या आणि समाजवादी विचाराच्या माणसांना मनाच्या आजाराची चर्चा नेहमीच थोडी चैनीची वाटत आली. भूक, जमीन, मजुरी, जात हे खरे प्रश्न, आणि मन हा मध्यमवर्गाचा छंद, अशी एक अव्यक्त उतरंड कार्यकर्त्यांच्या डोक्यात असते. आर्थिक व्यवस्था बदलली की मन आपोआप ताळ्यावर येईल असे मानण्यात सोय असते. या मतात सत्याचा अंश मोठा आहे, हे वर दिलेल्या गोव्यातील अभ्यासावरूनच दिसते. परंतु अंश म्हणजे संपूर्ण नव्हे. कर्ज माफ झाल्यानंतरही ज्या घरातील कर्त्याने आत्महत्या केली त्या घरातील बाई रात्र रात्र जागीच राहते. तिच्या मुलाला बापाच्या मृत्यूची लाज वाटत राहते. कर्जमाफीच्या आदेशात या दोन गोष्टींवर उपाय नाही. उलट बाजूने, केवळ समुपदेशन करून उचल फिटत नाही. ताण-व्यवस्थापनाच्या शिबिरांचा आणि महागड्या शिकवण्यांचा जो नवा बाजार उभा राहिला आहे, त्याचे सारे तत्त्वज्ञान माणसाला असे सांगण्यात आहे की परिस्थिती बदलत नसेल तर तू स्वतःला बदल. हे तत्त्वज्ञान नाकारणे आवश्यक आहे. पण ते नाकारताना, दुखणाऱ्या माणसाला आज, या आठवड्यात, औषध आणि बोलायला माणूस लागतो हे नाकारून चालणार नाही.

हा प्रश्न घराबाहेरचा आहे असेही नाही. आणीबाणीत एकोणीस महिने तुरुंगात गेलेल्यांच्या त्यागाचे गोडवे आपण गातो आणि ते योग्यच आहे. त्या एकोणीस महिन्यांत ज्या घरांत पगार बंद झाला, शेजाऱ्यांनी बोलणे सोडले, शाळेत मुलांकडे बोट दाखवले गेले, त्या घरातील बायकामुलांच्या मनांचा हिशेब कोणी मांडला नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांची अबोल झालेली मुले चळवळीतील अनेकांनी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल खासगीत हळहळ व्यक्त होते, बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती कधी येत नाहीत.

साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपली जीवनयात्रा संपवली. ‘श्यामची आई’ लिहून आई आणि मूल यांच्या नात्याचा वस्तुपाठ मराठी घराघरांत नेणारा हा माणूस. स्वातंत्र्योत्तर समाजाविषयीच्या निराशेने ते गेले, असे स्पष्टीकरण चळवळीने पिढ्यान् पिढ्या दिले. त्यांच्या मनात नेमके काय होते याचे निदान आज कोणी करू नये, तो उद्धटपणा होईल. परंतु एवढा प्रश्न विचारता येतो की ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे ऐकली त्यांचे दुःख ऐकण्याची कोणती सोय चळवळीपाशी होती? दुःखाला ध्येयवादाचे वस्त्र चढवले की त्याकडे उपचाराच्या दृष्टीने पाहण्याची गरज उरत नाही. आजही एखादा तरुण कार्यकर्ता महिनाभर बैठकीला आला नाही तर तो थंड पडला असे म्हणतात. त्याच्या घरी जाऊन बसणारा विरळा.

परीक्षा आणि शिकवणीवर्ग यांचा उल्लेख थोडक्यात केला तरी पुरे, कारण त्याविषयी लिहिले पुष्कळ जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा २२,७४६, देशात सर्वाधिक. शेतीवर जगणाऱ्यांच्या देशातील ११,२९० आत्महत्यांपैकी ४,२४८ याच राज्यातल्या. एक अंकगणित मात्र पालकांपुढे मांडले पाहिजे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला सुमारे चोवीस लाख मुलांनी नावे नोंदवली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. तेविसांपैकी बावीस मुले अयशस्वी ठरणार हे मुलांच्या अभ्यासाने ठरत नाही, जागांच्या संख्येने ठरते. तरीही लातूरच्या किंवा कोट्याच्या खोलीत बसलेल्या मुलाला ते अपयश आपल्या एकट्याचे वाटते, आणि त्याच्या शिकवणीसाठी एकरभर रान विकलेल्या बापालाही ते मुलाचेच वाटते. टंचाई सरकारने निर्माण करावी, नफा वर्गचालकांनी कमवावा आणि लाज तेवढी मुलाने वाहावी, अशी ही विभागणी आहे.

मार्ग अजिबात नाहीत असे समजून निराश होण्याचेही कारण नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा एक प्रकल्प झाला. गावातल्याच सामान्य शिक्षणाच्या माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्य ओळखणे, धीर देणे, गरज पडल्यास डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे अशी त्याची पद्धत होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने १९९६ पासून याच दिशेने काम उभे केले. मुंबईत तर सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी शाळेने १९३७ सालीच बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून व्यसनी माणसावर उपचार करताना त्याच्या पत्नीचाही गट चालवला जातो, कारण दारू एक पितो आणि आजारी घर पडते हे त्या मंडळींनी ओळखले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी मानसमित्र तयार करण्याचे काम हाती घेतले. अंगात आले म्हणून ज्या बाईला बडवले जाते तिला दवाखान्याची वाट दाखवणे हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याइतकेच मोलाचे, हे त्यांना उमगले. म्हणजे पद्धती माहीत आहेत, त्या परवडतात हेही सिद्ध झाले आहे. प्रकल्पाचा पैसा संपला की त्या बंद का पडतात, हा राजकारणाचा प्रश्न आहे.

त्या राजकारणाचा एक आकडा असा : केंद्रीय आरोग्य खात्याच्या अंदाजपत्रकातील जेमतेम एक टक्का मानसिक आरोग्याच्या वाट्याला येतो आणि त्यातीलही मोठा भाग दोन-तीन मोठ्या संस्थांकडे जातो. त्या संस्था आवश्यकच आहेत. परंतु बेंगळुरूच्या संस्थेची इमारत कितीही उंच झाली तरी केजच्या बाईला ती दिसत नाही. जे काही गावात उतरते ते आशाताईंच्या डोक्यावर. गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, साथीचे सर्वेक्षण आणि आता मनाची विचारपूस. वेतन नाही, मोबदला आहे, आणि तोही मिळवायला २०२४ च्या आरंभी त्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. जिने दुसऱ्याचे दुःख ऐकायचे तिला स्वतःच्या पगाराची शाश्वती नसावी, यावर मानसिक आरोग्याची यंत्रणा उभी राहत नाही. आशा व अंगणवाडीच्या युनियनने या कामाला विरोध करण्याऐवजी प्रशिक्षण, वेगळा मोबदला आणि मर्यादित घरे या अटींवर ते अंगावर घ्यावे. गावात इतक्या घरांची दारे दुसऱ्या कोणाला उघडी नाहीत.

तालुक्याच्या पक्ष कार्यालयाला आज करता येईल असे काम फार मोठे नाही. पण ते नेटाने करावे लागेल. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मोफत आणि मराठीतही मिळते. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन क्रमांक माहीत नसलेला कार्यकर्ता असू नये. दूरध्वनीने सारे भागत नाही, तरी मध्यरात्री घाबरलेल्या आईला सकाळपर्यंत धीर देण्याइतके भागते. मुलाला स्वमग्नता, अध्ययन अक्षमता किंवा दीर्घ मानसिक आजार असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळते, परीक्षेत सवलत मिळते. ते काढून देण्यासाठी जिल्हा रुग्णालयात तीन फेऱ्या मारणारा सोबती लागतो. जातीच्या दाखल्यासाठी आणि सात-बाराच्या उताऱ्यासाठी कार्यकर्ते तहसीलच्या पायऱ्या झिजवतात, त्याच यादीत हे काम घालावे. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणाऱ्या बाईबरोबर शेजारणीच्या नात्याने बसमध्ये बसणे, आणि गावात परतल्यावर त्याचा बभ्रा न करणे, हेही कामच आहे. राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत येणारे मूल अचानक येईनासे झाले तर शाखानायकाने आधी त्याच्या आईची विचारपूस करावी.

आणि माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज प्रत्येक जिल्ह्यात जावा. जिल्हा मानसिक आरोग्य पथकात मंजूर पदे किती, भरलेली किती, मनोविकारतज्ज्ञाची जागा किती महिने रिकामी होती, पथक कोणत्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी जाते, गेल्या वर्षभरात त्यांपैकी किती वार चुकले, आणि त्या दिवशी औषधांच्या साठ्यात काय काय नव्हते. उत्तर आले की त्यातील वार आणि वेळ पक्ष कार्यालयाच्या बाहेरील फळ्यावर, जेथे सभेची सूचना लिहितात तेथे, मोठ्या अक्षरांत लिहावी आणि पहिल्या वाराला कार्यकर्त्याने तेथे स्वतः जाऊन पथक आले की नाही ते पाहावे.